आवाज आधी, तोंड मागून

जोडमावशींना कशाकशाची भीती वाटत नाही, याची यादी त्यांच्या लेकीने एकदा करायला घेतली होती. मांजर, इस्त्री आणि शेजारचे आजोबा एवढी तीन नावं लिहून तिचं पेन थांबलं. बाकी सगळ्या जगाला मावशी भीत. लिफ्टला भीत, टेलिफोनच्या घंटीला भीत, डॉक्टर तपासताना नुसतं 'हं' म्हणाला तरी त्या पर्स उचलून दाराकडे बघत.

त्यामुळे मंगळवारी सकाळी फोन वाजला आणि पलीकडची मुलगी म्हणाली, "मावशी, मी चित्रपट संग्रहालयातून बोलतेय. नवव्या रिळातल्या तुमच्या एका जोडाबद्दल बोलायचं होतं," तेव्हा मावशी मटकन खाली बसल्या, याचं लेकीला काही वाटलं नाही. खुर्ची शेजारीच असताना त्या जमिनीवर बसल्या, याचं मात्र वाटलं.

"कुठल्या चित्रपटाच्या?" मावशींनी विचारलं. उत्तर त्यांना माहीत होतं.

"'कपाटातले काका'. रविवारी चार वाजता दाखवतोय. तुम्ही आमच्या पाहुण्या. नाही म्हणू नका हं."

मावशींना नाही म्हणायचीसुद्धा भीती वाटायची. त्या हो म्हणाल्या.

जोडमावशी हे नाव त्यांना वखारीत मिळालं होतं. चित्रपटगृहांतून परत आलेल्या फिल्मचे पत्र्याचे गोल डबे त्या वखारीत छतापर्यंत रचलेले असत. लांब टेबलाशी आठ बायका बसत. प्रत्येकीपुढे दोन चक्रं. उजव्या हाताने दांडा फिरवायचा, की एका चक्रावरची फिल्म सरसर दुसऱ्यावर जाई. जाता जाता तिच्या दोन्ही कडा डाव्या हाताच्या बोटांमधून सरकू द्यायच्या. बोटाला चीर लागली, कडेचं भोक फाटलेलं लागलं, की थांबायचं. फाटका भाग पात्याने कापायचा, दोन्ही टोकं खरवडायची, उग्र वासाचं चिकटद्रव लावायचं आणि दहा आकडे मोजेपर्यंत दाबून धरायचं. मावशींचा जोड असा सपाट बसे, की चित्रपटगृहातले यंत्रवाले म्हणत, यांचा जोड यंत्रातून जाताना शिंकत नाही, खोकत नाही.

एकतीस वर्षं त्यांनी हे काम केलं. इतक्या वर्षांत हजारो चित्रपट बोटांखालून गेले, पण पूर्ण बघितले असतील जेमतेम वीस. विषाचा पेला कुणी प्यायला आणि कुणी ओतून दिला हे त्यांना कधीच कळत नसे. कळायचं ते एवढंच, की चौथ्या रिळात तेलाचा डाग आहे.

वखारीचे नियम दोन होते. एका जोडाला दोन चौकटींहून जास्त कापायचं नाही. चौकट म्हणजे फिल्मवरचं एक चित्र. एका सेकंदाला अशी चोवीस पळतात, म्हणजे दोन गेली तरी कुणाच्या लक्षात येत नाही. दुसरा नियम असा, की जे कापलं ते डब्यातल्या कार्डावर लिहायचं आणि सही करायची. याशिवाय एक शहाणपण होतं, ते नव्या मुलींना मावशीच शिकवायच्या. "आवाज आधी, तोंड मागून." फिल्मच्या कडेला आवाजाची बारीक नागमोडी पट्टी असते. पण चित्राशेजारी जो आवाज दिसतो तो त्या चित्राचा नसतोच. तो मागून येणाऱ्या चित्राचा, बरोबर एकवीस चौकटी मागच्या. यंत्राची रचनाच तशी. म्हणून चित्रात तोंड मिटलेलं दिसलं, तरी तिथे कुणी बोलत नाही असं समजायचं नाही.

हे शिकवणारी बाई स्वतःच फसली, त्याला आता चव्वेचाळीस वर्षं झाली.

तेव्हा मावशी पंचवीस वर्षांच्या. 'कपाटातले काका' हा आठ वर्षं आधी येऊन आठवड्यात पडलेला विनोदी रहस्यपट. मालकाने तो पुन्हा बाहेर काढायचं ठरवलं होतं. सहा प्रतींपैकी धड अशी एकच उरलेली. तिच्या नवव्या रिळात हातभर लांबीच्या कडा फाटून जाळी झालेली. एकेक भोक चिकटपट्टीने सांधत बसायचं तर दोन तास. घड्याळात चार वाजून गेलेले. पाच वाजता लेकीची शाळा सुटायची, आणि आदल्याच दिवशी मावशींना उशीर झाला होता. फाटकाशी एकटी उभी राहून पोर इतकी रडली होती, की तिला ओकारी झाली. डबा सहाच्या गाडीने जायचा, म्हणजे उद्यावर टाकायची सोय नाही. त्यात आठवड्यापूर्वीच तपासनिसांनी एका बाईला अकरा चौकटी कापल्या म्हणून घरी पाठवलं होतं.

मावशींनी तो हातभर भाग उजेडासमोर धरला. दारात ट्रे घेतलेली मोलकरीण, तोंड मिटलेलं. कुणी बोलत नाही. त्यांनी पातं चालवलं. सव्वीस चौकटी टेबलाखालच्या टोपलीत गेल्या, जोड नेहमीसारखा सपाट बसला. कार्डावर त्यांनी लिहिलं, 'दोन चौकटी', आणि खाली सही केली. पाचला दहा कमी असताना त्या शाळेच्या फाटकाशी होत्या.

दोन महिन्यांनी बसथांब्यावर कॉलेजातली दोन पोरं धुमाकूळ घालत होती. एकाने वही ट्रेसारखी धरली आणि ओठ हलवले, आवाज न काढता. दुसरा म्हणाला, "काय?" तिसऱ्याने बसमधून डोकं काढून विचारलं, "काय?" सगळा थांबा हसला. मावशींनी शेजारच्या बाईला विचारलं तर ती म्हणाली, "अहो, तुम्ही 'काका' पाहिला नाहीत? त्यातली मोलकरीण. भीतीने तिची वाचाच बसते."

बसथांब्यावर उभ्या उभ्या मावशींच्या डोक्यात एकवीसचा हिशेब बसला. मिटलेल्या तोंडाबरोबर त्यांनी पुढच्या क्षणी उघडणाऱ्या तोंडाचं बोलणं कापलं होतं. तोंड राहिलं होतं, बोलणं गेलं होतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी टोपली पाहिली. टोपल्यांतला कचरा दर शनिवारी भंगारात जायचा. बाकीच्या पाच प्रती आंबून गेल्या. त्या बाईचं वाक्य जगात कुठेच राहिलं नाही.

चित्रपट मात्र त्या मुक्या मोलकरणीमुळेच चालला. वर्तमानपत्रांतून दिग्दर्शकाच्या कल्पकतेवर रकाने भरले. तो तोवर वारला होता, त्यामुळे खरंखोटं करायला कुणी नव्हतं. मोलकरीण नेमकं काय म्हणते यावर पैजा लागत. मावशींनी चित्रपट पाहिला नाही. रोज सकाळी देवाला हात जोडताना त्या आधी हे सांगत, मग बाकीचं. देवाला सगळं ठाऊकच आहे, मग माणसांना सांगायचं काय उरलं, अशी पळवाट त्यांनी काढली होती. ती पळवाट आहे हे त्यांना ठाऊक होतं, आणि देवालाही असणारच.

रविवारी दुपारी त्यांना खोकला झाला.

"आई, हा खोकला मला बालवाडीपासून ओळखू येतो," लेक म्हणाली. ती दातांच्या दवाखान्यात नोंदणीच्या टेबलावर बसते, घाबरून पळणारी माणसं रोज धरून बसवते. "चल, साडी बदल. कुणी दाढ काढणार नाहीये."

संग्रहालयाचा हॉल तळमजल्यावर होता, म्हणजे लिफ्टची कटकट नव्हती, पण दारापर्यंत पोचायच्या आत मावशींनी दोनदा थांबून चप्पल नीट केली. दारात जाड चष्म्याची एक मुलगी धावत आली. फोनवाली हीच. "मावशी, तुमच्या हाताचा जोड मी डोळे मिटून ओळखते. पण त्या नवव्या रिळाचं तेवढं..." तिला कुणीतरी हाक मारली. "नंतर बोलू," म्हणून ती गेली.

नंतर म्हणजे काय? मावशींनी लेकीचा दंड घट्ट धरला.

पहिल्या रांगेत त्यांची जागा होती. एका बाजूला लेक. दुसऱ्या बाजूला अंबाडा घातलेल्या, ताठ बसलेल्या एक वयस्कर बाई. लेक मावशींच्या कानाशी म्हणाली, "आई, ओळखलंस का? ट्रेवाली आहे ही. खरी."

मावशींना ओळखायची गरज नव्हती. तोंड मिटलेला तो चेहरा सव्वीस वेळा त्यांच्या बोटांत येऊन गेला होता.

ट्रेवाली बाई बोलक्या होत्या. "तुम्ही पण याच्यात होतात का?"

"नाही, मी वखारीत. फिल्म तपासायला."

"बरं झालं, पडद्यावर नव्हतात. मला लोक अजून दुकानात ट्रे देतात हातात." त्या हसल्या. मग थोडं थांबून म्हणाल्या, "खरं सांगू? मला हा चित्रपट आवडत नाही. पहिल्यांदा लागला तेव्हा माझं बाळंतपण होतं, बघायचा राहिला. पुन्हा लागला तेव्हा सासरच्या अकरा माणसांना घेऊन गेले. म्हटलं, माझं एक वाक्य आहे, ऐका. आणि वाक्य आलंच नाही. सगळं थिएटर हसलं. दीर म्हणाले, वहिनी, तुमचा आवाज मागे घरीच राहिला वाटतं."

मावशींना दुपारचा खोकला परत आला.

"माझा आवाज पहिल्यापासून किनरा. दिग्दर्शकांनी ऐकला असेल आणि काढून टाकला असेल. बरोबरच आहे त्यांचं. नंतर दोन कामं आली होती, चांगली बोलायची. मी म्हटलं, नको. उगाच कशाला." त्यांनी पर्समधून आवळ्याच्या गोळ्या काढल्या. "घ्या. घशाला बऱ्या."

मावशींनी गोळी घेतली आणि मुठीतच धरून ठेवली. एवढी वर्षं त्या ज्याला भीत आल्या ते तपासनीस होते, मालक होते, कार्डावरची सही होती. ही बाई त्यांच्या भीतीत कुठे नव्हतीच. तिचं काही गेलं असेल हे त्यांच्या मनातही आलं नव्हतं.

दिवे गेले.

काळ्यापांढऱ्या उजेडात एक मोठं घर उभं राहिलं. म्हातारे काका मृत्युपत्र वाचायला सात नातेवाइकांना बोलावतात आणि वाचायच्या आधीच नाहीसे होतात. तेवढ्यात ब्रश विकणारा एक फिरता विक्रेता दार वाजवतो, आणि घरातले त्याला गुप्तहेर समजतात. तो बिचारा जे विचारेल ते ब्रशाबद्दल, आणि नातेवाईक उत्तरं देतात खुनाबद्दल. "आपल्याला कडक लागतो का मऊ?" त्याने विचारलं, तर मोठी आत्या रडत म्हणाली, "मी फक्त उशीच दाबून बघितली हो." हॉल खदखदला. पंचवीस वर्षांची पोरंपोरी पोट धरून हसत होती. लेक हसता हसता मावशींच्या खांद्यावर आपटत होती.

मावशी या रिळांतला प्रत्येक डाग ओळखत होत्या, पण गोष्ट त्यांनी कधी ऐकलीच नव्हती. कपाटाचं दार आपोआप इंचभर उघडलं तेव्हा त्या खरोखर दचकल्या. मेणबत्ती विझली आणि अंधारातून एक हातमोजा आला तेव्हा त्यांनी डोळे मिटून घेतले. आणि तो हातमोजा ब्रश चोरून परत अंधारात गेला तेव्हा त्यांच्याही नकळत त्या फिस्सकन हसल्या. हसल्या आणि लगेच आठवलं, हे आठवं रीळ. पडद्याच्या कोपऱ्यात रीळ बदलायच्या खुणेचा काळा ठिपका चमकला. रीळ बदललं.

आता नववं. मावशींची बोटं मांडीवर आपोआप सरकू लागली, कडा चाचपल्यासारखी. सातही जण दिवाणखान्यात बसलेले. कपाटाकडे सगळ्यांची पाठ. मोलकरीण ट्रे घेऊन दारात आली. शेजारी ट्रेवाली बाईंनी श्वास आत घेतला तो मावशींना ऐकू आला. पन्नासएक वर्षांनी ती बाई पुन्हा बोलायला तयार झाली होती.

चित्र किंचित उडालं. मोलकरीण दारातून एकदम गालिच्यावर आली. तिचे ओठ हलले. आवाज नाही.

"काय?" आत्या म्हणाली. "काय?" विक्रेता म्हणाला. "काय?" कपाटातून आवाज आला.

हॉल हास्याने फुटला. त्या गदारोळात मावशी शेजारी वळल्या आणि म्हणाल्या, "तुमचं बोलणं मी कापलं."

"काय?" ट्रेवाली बाई म्हणाल्या.

"मी कापलं."

"काय म्हणता?"

मावशींनी जन्मात कधी लावला नव्हता तेवढा आवाज लावला, आणि नेमका त्याच क्षणी हशा ओसरला. "दिग्दर्शकांनी नाही हो, तुमचा आवाज मी कापला. सव्वीस चौकटी. आणि कार्डावर दोन लिहिल्या."

अख्ख्या हॉलने ते ऐकलं. मागून कुणीतरी हसलं, त्याला कुणीतरी गप्प केलं. पडद्यावर नातेवाईक एकमेकांच्या अंगावर पडत होते, पण पहिल्या चार रांगा पडदा सोडून यांच्याकडेच बघत होत्या. लेकीचा हात मावशींच्या हातात होता, तो तिने काढला नाही, पण तिचं हसणं थांबलं होतं. मावशींना वाटलं, आपण इथेच, या खुर्चीत, संपलो तर किती बरं होईल.

ट्रेवाली बाई मावशींकडे वळल्या. मग हळू आवाजात म्हणाल्या, "का कापलंत? वाईट बोलले होते?"

"मी ऐकलंच नाही."

"म्हणजे?"

"आम्ही ऐकत नाही बाई. आम्ही बोटांनी बघतो. कडा फाटल्या होत्या. सांधायला वेळ नव्हता, मला घरी जायची घाई होती. तुमचं तोंड मिटलेलं दिसलं, वाटलं कुणी बोलत नाहीये." चांगलं बोलला होतात असं म्हणून टाकावं, असं एकदा ओठांवर आलं. ते गिळून मावशी म्हणाल्या, "चांगलं होतं की वाईट, मला खरंच माहीत नाही."

बाईंनी मान पडद्याकडे वळवली. पुढे अजून दोन रिळं होती. काका सापडले, ते स्वतःच स्वतःला पळवून कपाटात बसले होते, आपल्यामागे कोण रडतं ते बघायला. कुणीच रडलं नाही, विक्रेताच तेवढा रडला, त्याचा ब्रश हरवला म्हणून. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मावशी एका डोळ्याने पडद्यावर आणि एका डोळ्याने शेजारी बघत होत्या, आणि शेजारचा चेहरा त्या पडद्याइतकाच काळापांढरा होता.

दिवे लागले. चष्मेवाली मुलगी मंचावर आली, पाहुण्यांची ओळख करून देता देता अडखळली आणि सरळच म्हणाली, "फिल्मच्या कडेला छापलेले आकडे मोजले तेव्हा सव्वीस चौकटी कमी आहेत हे मला कळलं होतं. मावशींना मी ते एकांतात विचारणार होते. आता विचारायचं काही राहिलं नाही." लोक हसले. मग तिने माइक ट्रेवाली बाईंपुढे धरला. "पण मग तुम्ही काय म्हणाला होतात?"

मागच्या रांगांतले लोक उठून उभे राहिले. चव्वेचाळीस वर्षांच्या पैजा तिथे जमल्या होत्या.

"सांगणार नाही," बाई म्हणाल्या. "इतकी वर्षं न ऐकता हसलात, अजून हसा."

त्या उठल्या आणि मावशींना म्हणाल्या, "तू चल माझ्याबरोबर." तुम्हीचं तू झालं, ते रागाने की कशाने, मावशींना कळेना. लेक मागे येऊ लागली तर बाईंनी हातानेच तिला थांबवलं.

मंचामागे एक अरुंद खोली होती. घडीच्या खुर्च्या, पाण्याचं पिंप, भिंतीला लावलेली शिडी. बाईंनी दार लोटलं. मावशी शिडीला टेकून उभ्या राहिल्या. आता ही काय म्हणेल? तोंडावर थुंकेल का? थुंकली तरी आपण काय म्हणणार?

"दोन कामं सोडली मी," बाई म्हणाल्या. "एकात तर नायिकेच्या बहिणीचं होतं. घरात कुणी नव्हतं म्हटलेलं सोड म्हणून. मीच सोडली, आवाज वाईट म्हणून. तुला क्षमा करावी का नाही ते मला अजून ठरवता येत नाही. घाईत ठरवणार पण नाही."

"नका ठरवू," मावशी म्हणाल्या.

"पण तू एक खरं बोललीस. ऐकलं नाही म्हणालीस. चांगलं होतं असं म्हणाली असतीस ना, तर मी उठून गेले असते." त्यांनी पदर सारखा केला, दोन्ही हात पुढे घेऊन रिकाम्या हवेत ट्रे धरला. "आता ऐक. आणि सांग मला. मन राखायला काही बोलू नकोस."

त्यांनी दाराकडून एक पाऊल आत टाकलं. मान कपाटाकडे वळवावी तशी पिंपाकडे वळवली. आणि बारीक, चिरक्या आवाजात, डोळे मोठे करून म्हणाल्या, "बाई, कपाट शिंकलं."

बाई ट्रे धरूनच थांबल्या होत्या. रिकाम्या हवेतही त्यांची बोटं तो घट्ट आवळून होती. मावशींना पहिल्यांदाच कळलं की समोरचीही घाबरली आहे, आपल्याइतकीच, आणि ती भीती आपल्याच उत्तराची आहे.

"आवाज किनरा आहे," मावशी म्हणाल्या.

बाईंनी मान हलवली.

"पण..." मावशी शिडी सोडून एक पाऊल पुढे आल्या. "पुन्हा म्हणाल का? माझ्या छातीत इतकं धडधडत होतं, नीट ऐकूच आलं नाही."

बाईंनी त्यांच्याकडे बघितलं. मग परत दारापर्यंत गेल्या, ट्रे सावरला, आणि या वेळी चांगला मोठ्याने म्हणाल्या, "बाई, कपाट शिंकलं."

मावशींना हसू आलं. तोंडावर हात ठेवायच्या आधीच ते बाहेर पडलं होतं.